'मिस आउट ऑन' शिकायचंय? मग आधी 'मुकणं' आणि 'हुकणं' वेगळं करा

गेल्या पावसाळ्यात क्लासमधली एक मुलगी मोबाइल पुढे करून म्हणाली, "सर, यात काय चुकलंय सांगा की. त्यांचं उत्तर असं का आलं?"

पुण्यातल्या एका कंपनीत तिची मुलाखत होती. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची म्हणून ती आमच्या सोलापुरातल्या विजापूर रोडवरून वेळेत निघाली होती, पण सात रस्त्याला रिक्षा बंद पडली. पळत पळत फलाटावर पोचली तेव्हा गाडीचा शेवटचा डबा पुढे सरकत होता. घरी येऊन रडून झाल्यावर तिने कंपनीला ईमेल लिहायला घेतला. डोक्यात मराठी वाक्य होतं, 'मुलाखतीची संधी दवडली गेली'. मोबाइलवरच्या कोशात 'संधी दवडणे' शोधलं, तिथे 'पास अप' सापडलं, आणि तिने लिहून टाकलं: "सॉरी, आय पास्ड अप द इंटरव्ह्यू. प्लीज गिव्ह मी अनदर डेट." कंपनीकडून दोन ओळी आल्या. कळवल्याबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

तिला वाटत होतं की आपण 'माझी मुलाखत हुकली' असं लिहिलंय. वाचणाऱ्याला कळलं ते असं: 'मुलाखत मिळत होती, पण मी ती आपणहून सोडली. आता दुसरी तारीख द्या.' कोण देणार?

व्याकरणाच्या दृष्टीने तिच्या वाक्यात एकही चूक नव्हती. म्हणूनच हा विषय सविस्तर घ्यावासा वाटला. 'मिस', 'मिस आउट ऑन', 'पास अप', 'लूज आउट' ही सगळी मंडळी एकाच वाड्यात राहतात, पण प्रत्येकाची खोली वेगळी आहे. बहुतेक गाइडांमध्ये या सगळ्यांपुढे एकच अर्थ छापलेला असतो: संधी गमावणे. तो पाठ करून पेपरातली रिकामी जागा भरता येईल, पण ईमेल लिहिता येणार नाही.

पहिली पायरी: इंग्रजी बाजूला ठेवा, मराठी क्रियापद ठरवा

'संधी गेली' हे वाक्य मराठीत सहज चालतं, कारण ऐकणाऱ्याला मागचंपुढचं ठाऊक असतं. पण ती कशी गेली, हे त्या वाक्यात नाही. नेमकं सांगायची सोय मराठीत भरपूर आहे. आपण ती घरात दिवसभर वापरतो आणि इंग्रजी बोलायची वेळ आली की विसरतो.

आपल्या नळाचंच घ्या. सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि वेळ कधी पहाटेची तर कधी रात्रीची. समजा काल पाणी आलं आणि तुमच्या घरी भरलं गेलं नाही. का नाही भरलं?

झोप लागली आणि जाग आली तेव्हा नळाला फुसफुस हवा येत होती, तर पाण्याची वेळ हुकली. लग्नाला परगावी गेला होता आणि इकडे अख्ख्या गल्लीने पिंपं भरून घेतली, तर तुम्ही पाण्याला मुकलात. जागे होतात, बादल्या समोर होत्या, पण "भरू की, तासभर येतंय अजून" म्हणत मोबाइल बघत बसलात, तर हातची वेळ दवडलीत. पाणी आलेलं दिसलं, पण म्हणालात, "टाकी भरलेली आहे आपली, शेजारच्या आजींना घेऊ द्या", तर तुम्ही पाळी सोडलीत. टाकी आधी धुवू, मग भरू, असं करता करता भरायचंच राहून गेलं, हा आणखी एक प्रकार. आणि टँकरवाल्याने मागची गल्ली केली, पुढची केली, मधली तुमची तेवढी टाळली, तर तुम्हाला डावललं.

रिकामी बादली एकच, क्रियापदं सहा. आता यांच्यापुढे इंग्रजी मांडू या. हुकणे म्हणजे 'मिस'. मुकणे म्हणजे 'मिस आउट ऑन'. दवडणे म्हणजे 'लेट स्लिप'. सोडणे म्हणजे 'पास अप'. राहून जाणे याला इंग्रज 'नेव्हर गॉट राउंड टू' म्हणतो. डावलणे म्हणजे 'पास ओव्हर'.

हे तक्त्यासारखं घोकू नका. त्यापेक्षा एक सवय लावा. इंग्रजी वाक्य तोंडातून काढण्याआधी स्वतःला मराठीत विचारायचं, 'हुकलं, का मुकलो, का सोडलं?' तेवढं उत्तर पक्कं असेल तर निम्मं काम झालं. त्या मुलीची गाडी हुकली होती. तिने 'दवडली' धरलं, तिथेच घोटाळा झाला. वर कोशाने दवडणे आणि सोडणे यांत फरकच केला नाही.

दुसरी पायरी: नुसतं 'मिस' पक्कं करा

'मिस' हा फार जुना इंग्रजी शब्द. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. दगड मारला, आंब्याला लागला नाही, ते 'मिस'. बस, ट्रेन, तास, फोन, सगळ्यांना हा नेम चुकण्याचा अर्थ लागू पडतो. पोचायचं होतं, पोचलो नाही.

इथे मराठी माणूस हमखास एक चूक करतो. आपण म्हणतो, 'माझी गाडी हुकली.' मराठीत हुकते ती गाडी, माणूस नामानिराळा राहतो. त्यावरून मुलं म्हणतात, "माय ट्रेन मिस्ड." नाहीतर "माय ट्रेन गॉट मिस्ड." इंग्रजीत गाडी काही करत नाही, नेम माणसाचा चुकतो. म्हणून "आय मिस्ड माय ट्रेन." मराठीत आपण सगळा दोष गाडीवर ढकलून मोकळे होतो, ही सोय इंग्रजीत नाही. (मला विचाराल तर आपली सोय जास्त माणुसकीची आहे, पण परीक्षक ऐकणार नाही.)

'मिस'चा दुसरा अर्थ आठवण येणे. सोलापूरची निम्मी पोरं नोकरीला पुण्यात, त्यामुळे हा अर्थ आमच्याकडे जोरात चालतो. त्यात मराठीत आपण 'मिस करतो', 'मिस केला', 'मिस झाला' असे तीन प्रकार करून ठेवलेत. हिंजवडीत बसलेला मुलगा म्हणतो, 'मी गड्डा मिस करतो.' म्हणजे त्याला सिद्धेश्वराच्या यात्रेची आठवण येते. तोच म्हणतो, 'यंदा मी गड्डा मिस केला.' म्हणजे रजा मिळाली नाही, येता आलं नाही. इंग्रजीत पहिलं "आय मिस द गड्डा" आणि दुसरं "आय मिस्ड द गड्डा धिस इयर". फरक साध्या वर्तमानकाळाचा आणि भूतकाळाचा, पण अर्थ आठवणीचा आणि गैरहजेरीचा. काळ चुकला तर समोरचा भलतंच समजतो.

तिसरी पायरी: आता 'आउट' आणि 'ऑन' जोडा

पंगत डोळ्यांसमोर आणा. पानं मांडली, वाढप झालं, लोक जेवून उठले, आणि तुम्ही पोचलात ते हात धुण्याच्या वेळी. तुम्ही पंगतीबाहेर राहिलात, तो 'आउट'. काय खायचं राहिलं ते सांगायला 'ऑन'. पुरणपोळी गेली, तर "मिस्ड आउट ऑन पुरणपोळी". ही माझी लक्षात ठेवायची युक्ती आहे, कोशातली व्युत्पत्ती नव्हे, पण वर्गात आजवर कामाला आली आहे.

पंगतीच्या चित्रातून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे इतरांना मिळालं. 'मिस आउट ऑन'मध्ये ही खंत जवळजवळ नेहमी दडलेली असते. काहीतरी चांगलं होतं, ते चाललेलं होतं, आणि आपण त्यात नव्हतो. "आय मिस्ड द अक्षता सोहळा" म्हणजे नुसती गैरहजेरी सांगितली. कदाचित तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नसेल. "आय मिस्ड आउट ऑन द अक्षता सोहळा" म्हटलं की ऐकणाऱ्याला तुमचा चेहरा दिसतो. गड्ड्यात भोगीच्या दिवशी सिद्धेश्वर मंदिराजवळच्या सम्मती कट्ट्यावर सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, उभे, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' होताच चारी बाजूंनी उधळलेल्या अक्षता, आणि तुम्ही तेव्हा ऑफिसात एक्सेलच्या रांगा भरताय.

आता 'मुकणे' इतकं जवळचं का, ते बघा. 'हुकणे'मध्ये कर्ता वस्तू, 'मुकणे'मध्ये कर्ता माणूस. मी मुकलो, आय मिस्ड आउट. आणि मुकायला 'ला' लागतो: हुरड्याला मुकलो, पगारवाढीला मुकलो, पंगतीला मुकलो. 'मी हुरडा मुकलो' असं आपल्यात कोणीच बोलणार नाही, कानाला खटकतं. "आय मिस्ड आउट द हुरडा" हे इंग्रजाच्या कानाला अगदी तसंच खटकतं. 'ला'च्या जागी 'ऑन' आहे, एवढं लक्षात ठेवलं की 'मिस आउट'नंतर 'ऑफ', 'फॉर', 'फ्रॉम' लावायचा मोह होत नाही. प्रश्नातही तसंच. 'कशाला मुकलास?' म्हणताना 'ला' टाकून चालत नाही, म्हणून "व्हॉट डिड यू मिस आउट ऑन?" मधला शेवटचा 'ऑन' टाकून चालत नाही. वाक्य 'ऑन'वर संपलं म्हणून बिचकू नका, बरोबर आहे ते.

पण याच 'ला'मध्ये एक खड्डा आहे, आणि हुशार मुलंच त्यात जास्त पडतात. आपण 'हुरडा खायला मुकलो' असंही म्हणतो. 'खायला' दिसलं की मुलांचा हात आपोआप 'टू ईट'कडे जातो, कारण 'मला खायला आवडतं' म्हणजे "आय लाइक टू ईट" हे पाचवीपासून पाठ. मग वहीत येतं, "आय मिस्ड आउट टू ईट हुरडा." चूक. 'ऑन' सुटत नाही, आणि 'ऑन'पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतं: "आय मिस्ड आउट ऑन ईटिंग हुरडा." नुसत्या 'मिस'लाही हाच नियम. "आय मिस्ड टू गो" नाही, "आय मिस्ड गोइंग".

आणि बघा, "आय मिस ईटिंग हुरडा" म्हटलं तर अर्थ पुन्हा फिरला. म्हणजे पूर्वी थंडीत रानात बसून खात होतो, आगटीतली गरम कणसं चोळून, शेंगाचटणी आणि गूळ घेऊन, आता तसं होत नाही आणि त्याची आठवण येते. "मिस्ड आउट ऑन ईटिंग" म्हणजे या खेपेला मिळालाच नाही. एकाने चव घेतलेली आहे, दुसऱ्याने कदाचित जन्मात घेतलेली नसेल.

कशाला मुकलो ते दोघांनाही ठाऊक असेल, किंवा सांगायचंच नसेल, तर 'ऑन' गळून पडतो. जाहिरातीत "डोंट मिस आउट!" एवढंच असतं. सगळ्यांच्या तोंडी असलेला 'फोमो' म्हणजेही 'फिअर ऑफ मिसिंग आउट', मागे राहण्याची धास्ती. पॅट्रिक मॅकगिनिस या विद्यार्थ्याने २००४ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या विद्यार्थी-पत्रात हा शब्द वापरला आणि २०१३ मध्ये तो ऑक्सफर्डच्या ऑनलाइन कोशात गेला. त्यात 'ऑन' नाही, कारण ज्याला फोमो झालाय त्याला आपण नेमकं कशाला मुकतोय हे कुठे ठाऊक असतं!

चौथी पायरी: मुकणं कुठे थांबतं ते ओळखा

इथवर मुकणे आणि 'मिस आउट ऑन' सख्खी भावंडं वाटतात. पण एका ठिकाणी वाट वेगळी होते, आणि ती ठाऊक नसेल तर फार वाईट वाक्य तयार होतं.

मराठीत आपण जवळ असलेल्या गोष्टीलाही मुकतो. अपघातात एक डोळा गेला तर 'डोळ्याला मुकला'. माणूस गेला तर 'प्राणाला मुकला'. यंत्रमाग बंद पडले आणि कामगार 'रोजगाराला मुकले', असं सोलापूरच्या बातम्यांत आपण कितीदा वाचलंय. इंग्रजीत हे सगळं 'लूज'च्या खात्यात जातं: "लॉस्ट ॲन आय", "लॉस्ट हिज लाइफ", "लॉस्ट देअर जॉब्ज". 'मिस आउट ऑन' फक्त कधी हातातच न आलेल्या गोष्टीसाठी. बातमीचं भाषांतर करताना एका मुलाने "फोर वर्कर्स मिस्ड आउट ऑन देअर लाइव्ह्ज" असं लिहिलं होतं. वर्गात हशा पिकला, पण इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून कळेल ते असं की चौघांनी आयुष्य धड उपभोगलंच नाही.

म्हणून कसोटी एकच: होतं आणि गेलं, की आलंच नाही? होतं आणि गेलं तर 'लूज'. आलंच नाही तर 'मिस आउट ऑन'.

वाईट गोष्टींचं काय? इथे मराठी आणि इंग्रजीचं पुन्हा जमतं. 'मी अपघाताला मुकलो' असं कोणी म्हणत नाही, म्हटलं तर थट्टेने. 'अपघात टळला' म्हणतो. इंग्रजीतही "मिस्ड आउट ऑन द ॲक्सिडेंट" नाही, "अव्हॉइडेड" म्हणायचं. 'गणिताच्या जादा तासाला मुकलो' हे थट्टेत दोन्हीकडे चालतं.

आणि बस, ट्रेन यांना 'मिस आउट ऑन' नको. "आय मिस्ड आउट ऑन द बस" असं बोलत नाहीत, कारण बस ही काही वाटली जाणारी चांगली गोष्ट नाही. खिडकीची जागा मात्र आहे: "आय मिस्ड आउट ऑन अ विंडो सीट."

पाचवी पायरी: शेजाऱ्यांशी ओळख

'पास अप' झालं. त्यात निर्णय असतो आणि तो शहाणपणाचाही असू शकतो, म्हणून 'दवडणे'मधला ठपका त्याला चिकटवू नका. "शी पास्ड अप अ जॉब इन पुणे" म्हणजे पुण्याची नोकरी मिळत होती, तिने घेतली नाही. आई एकटी म्हणून असेल, पगार परवडत नसेल म्हणून असेल. त्याच्या शेजारी 'टर्न डाउन' आहे, म्हणजे समोरच्याला तोंडावर नाही म्हणणे, नाकारणे. कंपनीने पत्र दिलं आणि तिने नकार कळवला, तर 'टर्न्ड डाउन' जास्त नेमकं. 'पास अप'ला समोर माणूस असावाच लागतो असं नाही. सेल लागला होता आणि चादर घेतली नाही, तरी 'पास अप'.

'पास अप'ची एक खोड: 'इट' आलं तर ते मधोमध बसतं, "पास इट अप". 'मिस आउट ऑन'मध्ये मध्ये काही घुसत नाही. "मिस आउट ऑन इट", बस.

'लूज आउट' मला या सगळ्यांत मराठमोळं वाटतं, कारण त्यात भाऊबंदकी आहे. कोणीतरी दुसरा घेऊन गेला, त्याला 'टू' लावायचं: "वी लॉस्ट आउट टू अ बिगर शॉप." मोठ्या दुकानाने आमचं गिऱ्हाईक नेलं. काय गेलं तेही सांगायचं असेल तर पुन्हा आपला 'ऑन' येतो.

'पास ओव्हर' बहुतेक वेळा कर्मणी येतं. "शी वॉज पास्ड ओव्हर फॉर प्रमोशन", तिला बढतीत डावललं. 'डावलणे' इतकं चपखल बसतं की पुढे स्पष्टीकरण लागत नाही. 'लेट स्लिप' म्हणजे हातात आलेली ढिलाईने जाऊ दिली, आणि 'मिस द बोट' म्हणजे वरातीमागून घोडं: वेळ होती तेव्हा हललो नाही, आता उपयोग नाही. सोलापुरात बोट कुठून येणार हा वर्गात नेहमी येणारा प्रश्न. होडी नको, वरात लक्षात ठेवा.

'राहून गेलं' मात्र पोरं कायम विसरतात, आणि खरं तर आपल्या आयुष्यातलं निम्मं याच खात्यात असतं. नान्नज शहरापासून एवढं जवळ, तिथे माळढोकचं अभयारण्य, आणि वर्गात हात वर करायला सांगितला तर जाऊन आलेले दोन-तीन निघतात. बाकीचे मुकले का? नाही. कोणी डावललं? नाही. 'जाऊ की एकदा' म्हणत राहून गेलं. "वी नेव्हर गॉट राउंड टू व्हिजिटिंग नान्नज." इथेही 'टू'नंतर 'व्हिजिट' नाही, 'व्हिजिटिंग'. मलाही तिथे माळढोक दिसलेला नाही, पण मी गेलो तरी होतो.

सहावी पायरी: 'ऑन' नसलेला दुसरा 'मिस आउट'

हा छोटा आहे, पण गोंधळ मोठा करतो. ब्रिटिश इंग्रजीत 'मिस आउट'चा आणखी एक अर्थ आहे: गाळणे. शुद्धलेखन तपासताना बाई म्हणतात, "यू हॅव मिस्ड आउट अ वर्ड." एक शब्द गाळलास. इथे 'ऑन' येत नाही, आणि शब्द मधोमध ठेवला तरी चालतो: "यू हॅव मिस्ड अ वर्ड आउट." अमेरिकन माणूस इथे 'लीव्ह आउट' म्हणेल. तुम्हीही तेच वापरा, दोन्हीकडे चालतं.

आता यादी वाचणाऱ्याने तुमचं नाव गाळलं तर "ही मिस्ड आउट माय नेम", आणि नाव गाळल्यामुळे तुमचं बक्षीस गेलं तर "आय मिस्ड आउट ऑन द प्राइझ". एका 'ऑन'ने कोण कोणाला काय करतंय ते बदललं.

सातवी पायरी: तोंडात बसवा

कागदावर तीन शब्द दिसतात, बोलताना एकच होतो: 'मिसाउटॉन'. जोर मधल्या 'आउट'वर, 'ऑन' जवळजवळ गिळलेला. म्हणूनच चित्रपट बघताना अनेकांना हा 'ऑन' ऐकूच येत नाही आणि पुढे लिहिताना तो गळतो. भूतकाळात 'मिस्ड' असं लिहिलं (मीही या लेखात तसंच लिहिलंय), तरी उच्चार 'मिस्ट' आहे. आधीचा 'स' अघोष, म्हणून शेवटचा 'ड'ही 'ट' होतो. पुढे 'आउट' आलं की 'मिस्टाउटॉन'. हे पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणा. घरातले बघतील, बघू द्या.

काळ फार घोकायची गरज नाही, मराठीला मागोमाग घेऊन चला. मुकलो, "आय मिस्ड आउट". मुकलो असतो, "आय वुड हॅव मिस्ड आउट". मुकशील, "यू विल मिस आउट". यांत मला सगळ्यात आवडतं ते चालू वर्तमानातलं, "यू आर मिसिंग आउट". आजवर कडक भाकरी आणि खलबत्त्यात कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी खाल्ली नाही असं सांगणाऱ्या पाहुण्याला हेच म्हणायचं. त्यात रागावणं नसतं, कीव असते.

ईमेलमध्ये मात्र हात आखडता घ्या. 'मिस आउट ऑन' गप्पांतलं, जिव्हाळ्याचं क्रियापद. अर्जात आपली खंत कंपनीला सांगून उपयोग नसतो, काय झालं ते सांगायचं. त्या मुलीबरोबर बसून आम्ही जे लिहिलं ते असं: "आय मिस्ड माय ट्रेन अँड कुड नॉट रीच इन टाइम फॉर द इंटरव्ह्यू. आय ॲम स्टिल व्हेरी इंटरेस्टेड. कुड यू प्लीज कन्सिडर अनदर डेट?" यात 'मिस आउट' नाही, 'पास अप' नाही. नेम चुकला, एवढंच आहे. उत्तर काही आलं नाही. पहिला ईमेल आधीच वाचून झाला होता.

आठवी पायरी: वहीत उतरवा

रोज रात्री एक वाक्य, तेही स्वतःच्या दिवसातलं. आज काय हुकलं, कशाला मुकलो, काय सोडलं. पुस्तकातली वाक्यं नकोत, तिथला जॉन नेहमी सोन्याची संधी हुकवत असतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. माझ्या मुलांना मी पुढची वाक्यं देतो. आधी स्वतः करा, मग खाली वाचा.

एक: बँकेच्या परीक्षेत अर्ध्या मार्काने नोकरी दुसऱ्याला गेली.
दोन: आजी आजारी होती म्हणून बाबांनी दुबईची नोकरी सोडली.
तीन: अर्जात जन्मतारीख लिहायची राहिली.
चार: तो लहानपणीच आईच्या मायेला मुकला.

पहिलं सोपं आहे, प्रतिस्पर्धी समोर दिसतोय: "आय लॉस्ट आउट टू समवन एल्स बाय हाफ अ मार्क." अर्ध्या मार्काने गेलेली नोकरी आमच्या वर्गात कल्पनेतली नसते, त्यामुळे हे वाक्य पोरं फार मनापासून म्हणतात.

दुसऱ्यावर मी दहा मिनिटं घालवतो. मराठी 'सोडली' दोन्हीकडे चालतं. बाबा दुबईत काम करत होते आणि परत आले, तर "ही लेफ्ट हिज जॉब". बोलावणं आलं होतं आणि गेलेच नाहीत, तर "ही पास्ड अप अ जॉब". एकदा एक मुलगा म्हणाला, "सर, आमचे बाबा गेले होते, आठ दिवसात परत आले, मग काय लिहू?" तेही 'लेफ्ट'च. आठ दिवस का असेना, हातात होती.

तिसऱ्यात 'राहिली' बघून 'गॉट राउंड टू' लिहाल, तर थांबा. इथे 'पुढे कधीतरी लिहू' असं काही नव्हतं, नजरचुकीने गळली. म्हणून "आय लेफ्ट आउट माय डेट ऑफ बर्थ".

चौथ्याला दोन उत्तरं आहेत आणि कोणतं घ्यायचं ते त्या मुलाची गोष्ट ठाऊक असल्याशिवाय ठरत नाही. आई वारली असेल तर सरळ "ही लॉस्ट हिज मदर". आई होती, पण तिचं प्रेम त्याच्या वाट्याला आलंच नाही, तर "ही मिस्ड आउट ऑन अ मदर्स लव्ह". मराठीने दोन्ही दुःखं एका शब्दात झाकली आहेत, इंग्रजी विचारतं, यातलं कोणतं?

ती गाडी हुकलेली मुलगी आता पुण्यातच दुसरीकडे नोकरी करते. या जानेवारीत शोभेच्या दारूकामाच्या रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला, मागे ट्रॅफिकचा आवाज: "सर, आय ॲम मिसिंग द गड्डा." दुसऱ्या पायरीनुसार विचारायला हवं होतं की बाई, आठवण येतेय का येता आलं नाही? पण चालू वर्तमानात दोन्ही अर्थ बसतात, आणि तिला दोन्ही म्हणायचे होते. मी होम मैदानावरून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला आणि पाठवून दिला.